उजव्या भिंतीतले घाव

पूर्वी अश्मक देशातल्या शैलपूर नगरात वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका अमात्याच्या घरी जन्मास आला. त्याचे नाव धृतिमित्र ठेवण्यात आले. वयात आल्यावर राजाने त्याच्याकडे धान्यकोठारांचे काम सोपवले. त्या कोठारांची एक गोष्ट नगरात सर्वांना ठाऊक होती. इतर अधिकाऱ्यांच्या कोठारात कीड लागली, तर ती कणगी उघडल्यावर, अर्धे धान्य गेल्यावर कळत असे. धृतिमित्राच्या कोठारात पहिला किडा दिसला, की हमाल त्याच दिवशी येऊन त्याला सांगत.

त्या नगराला पाण्याचे दुःख होते. नदीने पात्र बदलले होते आणि विहिरींचे पाणी मचूळ झाले होते. डोंगरापलीकडे मात्र एक बारमाही तळे होते. राजाने डोंगर पोखरून ते पाणी नगरात आणायचे ठरवले. काम लवकर व्हावे म्हणून पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंनी भुयार खणायला सुरुवात झाली. दोन्ही तोंडे डोंगराच्या पोटात एकमेकांना मिळायची होती.

पूर्वेच्या टोळीचा नायक खेमक नावाचा पाथरवट होता. दगडावर टाकी ठेवली, की तो कुठे फुटणार हे त्याला आधी कळत असे, आणि आपल्याला हे कळते ही गोष्ट तो कधी विसरत नसे. पश्चिमेच्या टोळीचा नायक मल्लक. खेमकाची धाकटी बहीण सोमिला ही मल्लकाची बायको, त्यामुळे दोघे मेहुणे. लग्नाच्या आधीपासून त्यांची दोस्ती होती आणि एका ताटात जेवल्याचे दिवसही होते. पण भुयाराचे काम सुरू झाल्यापासून दोघांत बोलणे राहिले नव्हते.

त्याला कारण होते. कामावर चंडक नावाचा अधिकारी होता. माणसे ईर्ष्येने चांगली राबतात, असा त्याचा समज होता. दर पंधरवड्याला तो दोरीने दोन्ही भुयारे मोजी. जिचे खणणे जास्त भरे, त्या टोळीच्या नायकाला माळ आणि सर्वांना गोडाचे जेवण मिळे. दुसऱ्या टोळीने ते होईपर्यंत समोर उभे राहायचे. काम चुकले, असे कुणी सांगायला आला, तर चंडक त्याला डोक्यावर धोंडा देऊन दिवसभर उन्हात उभा करी. खेमकाच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्याने छताला चीर दिसते म्हणून सांगितले. तो असा उभा राहिला आणि संध्याकाळी कोसळला. जिवावरचे टळले, पण पुन्हा काही तो कामावर आला नाही. त्यानंतर दोन्ही टोळ्यांत चुका होईनाशा झाल्या. निदान चंडकाला तसे वाटले.

दोनशे तीस हातांवर खेमकाच्या टोळीला काळा कातळ लागला. त्या कातळावर टाकी बोथट होई, घण उसळून मागे येई आणि दिवसाकाठी चार बोटे भुयार पुढे सरके. ओळीने तीन पंधरवडे माळ मल्लकाच्या गळ्यात पडली. चौथ्या पंधरवड्याला खेमकाने भुयार थोडे डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला वळवले. तिकडे पिवळा, मऊ खडक होता. कातळ संपला की परत सरळ रेषेवर येऊ, असे त्याने मनाशी ठरवले होते आणि तीन जवळच्या माणसांकडून गप्प राहण्याचे वचन घेतले होते. माळ त्याला मिळाली. पण डोंगराच्या पोटात ना सूर्य, ना तारे. किती वळलो आणि परत किती वळायचे, याचा अंदाज त्याच्या हातून निसटला. वळण इतके सावकाश होते, की पाहणाऱ्याला ते दिसतही नव्हते.

हिशेबाप्रमाणे तीनशे ऐंशी हातांवर दोन्ही भुयारे मिळायला हवी होती. दोन्ही बाजूंनी तीनशे नव्वद हात झाले, तरी मधे खडकच. आणि गेला महिनाभर खेमकाला एक आवाज ऐकू येत होता. समोरून यायला हवे होते ते पलीकडचे घणाचे घाव त्याला उजव्या भिंतीतून ऐकू येत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो भिंतीला कान लावून बसला. नंतर तो आवाज आला, की तो मोठ्याने काहीतरी बोलू लागे, म्हणजे इतरांना तो ऐकू जाऊ नये.

राजाचा धीर सुटला. त्याने चंडकाला काढून टाकले आणि धृतिमित्राला बोलावले. राजा म्हणाला, "वसंतोत्सवापर्यंत भुयार जुळव. जुळलं तर वेत्रवन गाव तुला आणि तुझ्या वंशाला कायमचं दिलं. नाही जुळलं तर दोन्ही नायकांना मुलाबाळांसह देशाबाहेर घालवीन."

नवा अधिकारी कामावर आला त्या दिवशी खेमकाने त्याला नीट निरखले. हातात काठी नाही. आल्या आल्या त्याने माळ आणि गोडाचे जेवण बंद केले आणि दोन्ही टोळ्यांची एकच पंगत मांडायला सांगितली. माणसे जेवायला बसली, पण अर्धी इकडे तोंड करून आणि अर्धी तिकडे. बोधिसत्त्व त्यांच्याबरोबर तेच जेवला. जेवणे झाल्यावर त्याने सर्वांना विचारले, "आज कुठे चुकलं?"

कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही त्याने हेच विचारले, तिसऱ्या दिवशीही. असे नऊ दिवस गेले. खेमक मनात म्हणाला, हा गोड बोलून नावे काढून घेतो आहे. एकदा नावे मिळाली, की धोंडा बाहेर येईल.

दहाव्या दिवशी बोधिसत्त्व स्वतःच उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत लाली होती आणि कपाळावर काजळी.

"आज मी चुकलो आहे," तो म्हणाला. "दिव्यांसाठी मी करंजाचं तेल मागवलं. त्याचा धूर आत कोंडतो आणि तुमच्या डोळ्यांत जातो. हे मला कुणी सांगितलं नाही. आज मी आत बराच वेळ बसलो तेव्हा कळलं. चूक माझी. आता काय करू?"

अधिकारी खरोखरच उत्तराची वाट पाहत उभा आहे, हे ध्यानात यायला माणसांना थोडा वेळ लागला. पश्चिमेच्या टोळीत राडारोड्याच्या पाट्या वाहणारी सोमिला शेवटी म्हणाली, "तिळाचं आणा की. आणि आर्य, आत बसायचं तर डोक्याला फडकं बांधून बसा. केसांची वात झाली आहे तुमच्या."

पंगतीत हशा पिकला. बोधिसत्त्वही हसला, आणि दुसऱ्या दिवशी तिळाचे तेल आले.

त्यानंतर लहानसहान गोष्टी बाहेर येऊ लागल्या. एकाने सांगितले, त्याने पहार वाकवून पाट्यांखाली लपवली होती. दुसऱ्याने सांगितले, छताला लावलेला एक टेकू आतून पोकळ आहे. बोधिसत्त्व दर वेळी तेच तीन प्रश्न विचारी. कुठे झालं? आता काय लागेल? बरोबर कुणाला घेशील? का केलंस, असे तो सहसा विचारीत नसे. पुढे त्याने दहा माणसे पूर्वेकडून पश्चिमेला पाठवली आणि दहा पश्चिमेकडून पूर्वेला घेतली. खेमकाच्या वाट्याला वेलूक नावाचा धिप्पाड, अबोल घणकरी आला. खेमकाने त्याला भुयाराच्या अगदी मागे, पाट्या भरायला ठेवला. मल्लकाच्या माणसाने आपल्या उजव्या भिंतीजवळ उभे राहू नये, एवढेच त्याला हवे होते.

एकदा संध्याकाळी खेमक सांगायचे ठरवून बोधिसत्त्वाकडे गेला. तो झाडाखाली दोऱ्यांच्या गाठी तपासत बसला होता.

"काय खेमका?"

खेमकाने तोंड उघडले. त्याला आपली तीन मुले दिसली, सोमिलेचीही दोन दिसली, आणि सीमेवरचा धुळीचा रस्ता दिसला. तो म्हणाला, "घणांना नवे दांडे हवेत."

"देतो. आणखी काही?"

"नाही."

बोधिसत्त्वाने हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं. मी रोज इथंच असतो."

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी पश्चिमेच्या भुयारात छत कोसळले. आत, खणण्याच्या टोकाशी मल्लक आणि त्याची अकरा माणसे होती. बाहेर धावत आलेल्यांनी सांगितले, की ते दगडाखाली सापडलेले नाहीत, ढिगाऱ्यापलीकडे अडकले आहेत. पण ढिगारा तीस हातांचा आणि भुसभुशीत मुरमाचा होता. एक पाटी काढली, की वरून दोन पाट्या खाली येत. दोनदा प्रयत्न झाला, आणि दुसऱ्या वेळी एकाचा पाय जायबंदी झाला. बोधिसत्त्वाने ते काम थांबवले.

दोन्ही टोळ्या पूर्वेच्या भुयाराबाहेर जमल्या. सोमिला पाटी हातात तशीच धरून उभी होती, ती खाली ठेवण्याचेही तिला भान नव्हते. कामाची नोंद ठेवणारा राजाचा लेखक ताडपत्र घेऊन आला. बोधिसत्त्वाने जमिनीवर राखेची एक रेघ ओढली.

"हिशेब थोडा चुकला असावा, पण दोन्ही भुयारं सरळ असतील तर मधे फार खडक उरलेला नाही," तो म्हणाला. "पूर्वेच्या भुयाराच्या आतल्या टोकापासून सरळ पुढे खणत गेलो, तर त्यांच्यापर्यंत पोहोचू. खेमका, तुझी सगळ्यांत चांगली माणसं पुढे घे."

माणसांनी घण उचलले. खेमक जागचा हलला नाही. सरळ पुढे खणले, तर प्रत्येक घावाबरोबर आपण मल्लकापासून दूर जाणार, हे त्या सगळ्या माणसांत त्याला एकट्यालाच ठाऊक होते. त्याने बहिणीकडे पाहिले.

"पुढे खणू नका," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुन्हा बोलावे लागले. "पुढे खणू नका. भुयार सरळ नाही. मी वळवलं आहे. दोनशे तिसाव्या हातावर काळा कातळ लागला, तिथून डावीकडे. माळेसाठी वळवलं. आम्ही दाजींच्या शेजारून पुढे निघून आलो आहोत. त्यांचे घाव मला उजव्या भिंतीतून ऐकू यायचे. महिना उलटून गेला. मला माहीत होतं."

लेखकाने लिहायला सुरुवात केली. माणसांत एक गुरगुर उठली. पश्चिमेच्या टोळीतला एक जण पहार घेऊन पुढे आला. बोधिसत्त्वाने हात वर केला, त्यासरशी तो थांबला.

सोमिला भावाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "आणखी काही लपवलं आहेस का? असेल तर आत्ता सांग. मला नवरा जिवंत हवा आहे, तुझी लाज नको आहे."

"नाही गं. एवढंच."

बोधिसत्त्वाने राखेची रेघ पायाने पुसली. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "उजव्या भिंतीत आवाज सगळ्यांत मोठा कुठे यायचा?"

"तोंडापासून मागे. दहाएक हातांवर."

तेव्हा पाट्या भरणारा वेलूक मागून म्हणाला, "आर्य, आमच्या नायकालाही ऐकू यायचं. आमच्याही उजव्या भिंतीतून. ते म्हणायचे, आपलंच भुयार कुठेतरी वाकडं गेलं आहे, कुणाला बोलू नका, आपल्याला देशाबाहेर घालतील. तोंडापासून पाच हात मागे एक ओला पट्टा आहे, तिथं कान लावून ते बसायचे."

खेमकाने चमकून त्याच्याकडे पाहिले. एकाच भिंतीला दोन बाजूंनी दोघे कान लावून बसले होते, आणि दोघेही गप्प होते. मल्लकाचे भुयार सरळ असताना तो बिचारा स्वतःला चोर समजत होता.

मग बोधिसत्त्वाने सर्वांना गप्प राहायला सांगितले आणि खेमक, वेलूक आणि तो असे तिघे आत गेले. खेमकाने भिंतीवर घणाचे तीन घाव घातले आणि कान लावला. काही नाही. दोन हात मागे सरकून पुन्हा तीन. काही नाही. आणखी एक हात मागे. त्याने कान लावला आणि डोळे मिटले. खूप खोलातून, जणू कुणी दुसऱ्या गावात दार ठोठावत असावे, तसे तीन ठोके आले. वेलूकाने पुन्हा मारले, तर पुन्हा तीन. खेमक भिंतीला तसाच चिकटून राहिला. त्याच्या गालावरून पाणी ओघळून दगडावर गेले.

"किती खडक असेल?" बोधिसत्त्वाने विचारले.

हे मात्र खेमकाला कळत होते. "सात हात. आठ नाही. पिवळाच आहे. माणूस सरपटत जाईल एवढं भोक पाडू."

बाहेर येऊन बोधिसत्त्वाने काम लावून दिले. त्या अरुंद जागेत एका वेळी एकच माणूस घण मारू शकत होता. म्हणून ठरले, की प्रत्येकाने दहा घाव मारायचे, पूर्ण जोराचे, आणि घण पुढच्याच्या हातात द्यायचा. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. शेजारी टाकी धरणारा, त्याच्या मागे राडारोडा उचलणारे, आणि त्यांच्या मागे टाक्यांना धार लावणारे लोहार. मुरूम खाली आला तर कुणीही, अगदी पाटी वाहणाऱ्या बाईनेसुद्धा, थांबा म्हणायचे, आणि तिने म्हटले की सर्वांनी थांबायचे.

खेमकाने आपले दहा मारले आणि अकराव्यासाठी घण उचलला. बोधिसत्त्व म्हणाला, "तुझे दहा झाले."

"मला मारू द्या, आर्य. चूक माझी आहे."

"म्हणूनच तुला अजून दोन दिवस दम टिकवायचा आहे. घण वेलूकाला दे."

खेमकाने घण दिला. वेलूकाने तो घेताना त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "दांडा नवा आहे वाटतं. हाताला बरा बसतो." वेलूक त्याच्याशी आपण होऊन बोलला, ती ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सोमिलेने एकदा सर्वांना थांबवले. तिला वरची एक फट रुंद झाल्यासारखी वाटली. टेकू लावायला बराच वेळ गेला, आणि तो सगळा वेळ तिचाच नवरा पलीकडे होता. टेकू लागल्यावर थोड्याच वेळात त्यावर हंड्याएवढा दगड आदळला आणि टेकूने तो झेलला. तिथे टाकी धरून बसलेला माणूस पूर्वेच्या टोळीचा होता. त्याने पुढे कित्येक वर्षे सोमिलेला दर सणाला फळे नेऊन दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घण वेलूकाच्या हातात असताना टाकी एकदम आत गेली. त्याने ती ओढून काढली. अंगठ्याएवढ्या भोकातून गार, शिळी हवा आली. वेलूक बाजूला झाला आणि त्याने खेमकाला पुढे ढकलले.

"दाजी!" खेमक ओरडला.

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी म्हणाले, "कोण? खेमक का?"

"हो, मीच."

"किती जण आहात तुम्ही? आम्ही इथं बाराच्या बारा आहोत. पाझराचं पाणी चाटून जगलो." मग मल्लकाचा आवाज खाली आला. "खेमका, तुला सांगतो, माझं भुयार वाकडं झालं रे. मला माफ कर."

खेमकाला हसूही आले आणि रडूही. "दाजी, तुमचं सरळ आहे. बाहेर या, मग सांगतो. आधी भिंतीपासून मागे सरका."

संध्याकाळच्या आत बारा माणसे एकामागून एक सरपटत बाहेर आली. मल्लक सर्वांच्या शेवटी आला. उजेडाने त्याचे डोळे दिपले, आणि सोमिलेने पदर धरून त्याच्या डोळ्यांवर सावली केली. ज्या भोकातून माणसे आली, त्याच भोकाने दोन्ही भुयारे जुळली होती, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. ते पहिल्यांदा राजाच्या लेखकाने बोलून दाखवले.

पण लेखकाच्या ताडपत्रावर आधीचेही सर्व लिहिलेले होते. राजाने खेमकाला बोलावून घेतले. खेमक हात जोडून उभा राहिला. त्याच्या मनात भीती होती, पण गेल्या महिन्यासारखी नव्हती. तेव्हा त्या भीतीबरोबर तो एकटा होता.

राजा म्हणाला, "याने मला फसवलं. याला देशाबाहेर घाला. धृतिमित्रा, भुयार जुळलं, गाव तुझं."

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, खेमकाने भुयार वळवलं हे खरं. पण चूक सांगणाऱ्याच्या डोक्यावर धोंडा ठेवण्याची रीत आमच्या अधिकारपदाने घातली, आणि त्या पदावर आज मी बसलो आहे. तो बोलला नसता, तर आज आपण बारा प्रेतं उचलत असतो. बोलल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, तर या राज्यात पुन्हा कुणी वेळेवर बोलणार नाही. उद्या नगराचा तट खचेल, तेही आपल्याला तो पडल्यावरच कळेल. शिक्षा कुणाला तरी व्हायला हवी असेल, तर माझं गाव परत घ्या आणि याला सोडा."

"गाव तुझ्या वंशाला दिलं होतं. नीट विचार कर."

"केला आहे, महाराज."

राजाने लेखकाकडे हात केला, ताडपत्र घेतले आणि खेमकाच्या नावाचे पान काढून दिव्यावर धरले. गावही त्याने परत घेतले, कारण राजाने दिलेला शब्द आणि मागे घेतलेला शब्द, दोन्ही त्याला पाळावे लागतात. बोधिसत्त्वाने नमस्कार केला आणि तो पायीच कामावर परत गेला. खेमक त्याच्या मागून चालत होता. नगराच्या वेशीबाहेर आल्यावर खेमक वाटेतल्या एका दगडावर बसला आणि त्याने पोटभर श्वास घेतला. बोधिसत्त्व त्याच्यासाठी थांबला. घाई कसलीच नव्हती.

ढिगारा उपसून, भोक रुंद करून, तळाचा उतार साधून पाणी सोडायला आणखी दोन महिने लागले. पाणी वळणावळणाने आले, पण आले. त्या दोन महिन्यांत पंगतीत रोज भांडणे होत. मल्लक म्हणे, उतार जास्त झाला. खेमक म्हणे, कमी आहे. दोघे भाकरी हातात धरून एकमेकांवर ओरडत, सगळे ऐकत, आणि मग कुणीतरी दोरी आणून मापे घेत असे.

ही कथा भिक्षूंच्या गुरूने, शास्त्याने, सांगितली तेव्हा विहारात पाणी साठवण्याच्या उदकशाळेचे बांधकाम चालू होते. सुनाभ नावाच्या भिक्षूने एक तुळई आखूड कापली होती आणि तीन दिवस ती गवताखाली झाकून ठेवली होती. कथा संपताच तो उठला आणि म्हणाला, "भन्ते, तुळई मी कापली."

"मग किती आखूड आहे ते सांग," शास्ता म्हणाला, "आणि जोड द्यायला बरोबर कुणाला घेशील, तेही."

सुनाभाने शेजारी बसलेल्या भिक्षू कालंजयाचे नाव घेतले. त्या दोघांचा महिनाभर अबोला होता. कालंजय लगेच उठला.

मग शास्त्याने जातकाचा मेळ सांगितला. "त्या वेळचा राजा वीरबाहू म्हणजे ही जमीन देणारा उपासक सुमंगल. सोमिला म्हणजे त्याची पत्नी. वेलूक म्हणजे आपल्या विहारात पाणी भरणारा मितभाषी भिक्षू दर्भक. मल्लक म्हणजे हा कालंजय. आणि धृतिमित्र मीच होतो."

खेमक कोण, हे सुनाभाला विचारावे लागले नाही, आणि शास्त्यानेही ते सांगितले नाही. एवढेच म्हणाला, "भिक्षूंनो, दुसऱ्याची चूक राग न धरता ऐकून घेणे, आणि ती ऐकल्यावर त्याला एकटा न सोडणे, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी मी तिची साधना पूर्ण करीत होतो."